नावाजलेल्या गेम स्टुडिओंनी जुन्या धाटणीच्या आरपीजीसाठी (पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेमसाठी) लोकांकडून आगाऊ पैसे मागावेत का?

तुम्ही विचारलंय, इतकी वर्षं धंद्यात असलेल्यांनी आमच्यापुढे हात का पसरावेत? मला त्यात गैर वाटत नाही. का, ते आमच्या धंद्यावरून सांगतो.

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. साध्या टॉवेलवर वडील बयाणा मागत नाहीत. एका व्यापाऱ्यानं नाकारला तर दुसरा उचलतो. पण एखाद्या हॉटेलला स्वतःचं नाव विणून हवं असेल तर निम्मे पैसे आधी. जेकार्ड मागावर (नक्षी विणणाऱ्या मागावर) नाव विणलं की तो माल दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही.

वरून तिरका दिसणारा नकाशा, पानंच्या पानं संवाद, लढाई मध्येच थांबवून डोकं खाजवायला लावणारा खेळ, म्हणजे जुन्या धाटणीची आरपीजी, हा असाच नाव विणलेला टॉवेल. २०१२ च्या सुमारास मोठे प्रकाशक त्याला हात लावत नव्हते. ब्रायन फार्गो यांच्या इनएक्झाइल स्टुडिओने 'वेस्टलँड २' साठी किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या संकेतस्थळावर) ९ लाख डॉलर मागितले, २९ लाखांच्या वर जमले. ऑब्सिडियन या स्टुडिओचा एक मोठा प्रकल्प त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने रद्द केला होता, माणसं कमी करावी लागली होती. त्यांनी 'पिलर्स ऑफ इटर्निटी'साठी ११ लाख मागितले आणि जवळपास ४० लाख मिळाले. नाव मोठं होतं, पण गल्ला रिकामाच होता.

नुसत्या नावावर मात्र भागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रेंडा ब्रॅथवेट आणि टॉम हॉल या मुरलेल्या जोडीनं १० लाख डॉलर मागितले. खेळाचं नाव काय, तर 'ओल्ड स्कूल आरपीजी'! नक्की काय बनणार हेच लोकांना कळेना. शेवटी मोहीम त्यांनीच मध्येच बंद केली.

याउलट लॅरियन स्टुडिओने २०१३ मध्ये 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन' चालू स्थितीत दाखवला, स्वतःचे पैसे आधीच घातलेले होते, आणि वर फक्त ४ लाख मागितले. ९ लाखांवर जमले. मामेभावाच्या कार्डावरून त्यात माझेही दीड-एक हजार रुपये होते. दुसऱ्या भागासाठी २०१५ मध्ये ते पुन्हा आले तेव्हा मी नाक मुरडलं. पहिला चांगला खपला होता की! पण 'बॉल्डर्स गेट ३' या नंतरच्या खेळाला त्यांनी लोकांकडे अशी मोहीम केली नाही, तेव्हा राग गेला.

आता एक तक्रार. पैसे वाढायला लागले की हे लोक आश्वासनं वाढवतात. 'पिलर्स'मध्ये तळघराचे मजले वाढत वाढत १५ झाले. शिवाय जास्त पैसे देणाऱ्यांना आपलं पात्र खेळात घालता यायचं. गावात फिरताना सोनेरी नावपट्टीची माणसं दिसतात, त्यांच्या आत्म्यात डोकावलं की कुणीतरी हौसेनं लिहिलेली गोष्ट उघडते, जिचा कथानकाशी काडीचा संबंध नाही. देवळात पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहिलेलं असतं ना, तसं. पंखा फिरत असला तर नाव वाचता तरी येत नाही. इथे सगळं वाचावं लागतं.

म्हणून मोठ्या स्टुडिओनं जरूर मागावेत, पण खेळ चालवून दाखवावा आणि एकूण खर्चातले स्वतःचे किती ते सांगावं. मागितलेल्या रकमेत खेळ पुरा होत नसेल तर उरलेले कुठून येणार, हे आधी विचारा.

माझे पैसे एकदा बुडालेत. त्या खेळाचं नाव घेत नाही. दोन वर्षं दर महिन्याला खबरबात यायची, मग सगळं गप्प. जेवताना वडिलांना सांगितलं, तर भाकरी मोडता मोडता त्यांनी एवढंच विचारलं, "नमुना बघितला होतास का?"

नव्हता. ट्रेलर बघितला होता.