ऑक्सिजन परत मिळाल्यावरच मेंदूचं नुकसान होतं का? अँटीऑक्सिडंट गोळ्यांनी ते थांबतं का?

अर्धं खरं आहे, आणि ह्या अर्ध्या खऱ्यावरूनच आमच्या घरात सहा वर्षं भांडण चालू आहे.

गुहागर तालुक्यात आमची वाडी. आषाढात पऱ्या (ओढा) फुगलेला, चुलतभावाचा नऊ वर्षांचा मुलगा त्यात गेला. काढला तेव्हा ओठ जांभळे, श्वास नाही. काकांनी पाय धरून उलटा केला, मग पालथा घालून पाठ दाबत बसले, म्हणे पोटातलं पाणी काढतो. मी दुकानातून (मेडिकल आहे माझं) धावत येऊन तोंडाने श्वास द्यायला आणि छाती दाबायला घेतली तोवर किती मिनिटं गेली देव जाणे. पोर वाचलं. पण आज पंधराचा झालाय तरी शर्टाचं बटण काजात घालताना झटापट, आणि आईने काही आणायला पाठवला की काय आणायचं ते विचारायला अर्ध्या वाटेतून परत येतो.

काकांनी व्हॉट्सॲपवर फ्री रॅडिकलबद्दल (पेशी बिघडवणारे तापट रेणू) वाचलं, तेव्हापासून एकच पालुपद, "दवाखान्यात ऑक्सिजन लावला त्यानेच बिघडला."

आता ऐका. ऑक्सिजन तुटला की पेशीतलं एटीपी, म्हणजे तिचं इंधन, मोडून हायपोझँथिन नावाचा कचरा साचतं. ऑक्सिजन परत आला की झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याच्यावर काम करताना सुपरऑक्साइड हा रॅडिकल सोडतं, बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली वीजघरं) पण सोडतात, पुढे लोहामुळे त्यातून आणखी घातक हायड्रॉक्सिल रॅडिकल, आणि मेंदूत चरबी भरपूर, ती खराब होते, पावसाळ्यात सुका बांगडा खवट होतो ना तशी. पण काका, ते हायपोझँथिन साचलं कधी? तुम्ही पाठ दाबत होतात तेव्हा!

रॅडिकल अडवणाऱ्या अँटीऑक्सिडंट गोळ्यांचं म्हणाल तर मी स्वतः विकतो, तरी सांगतो, ह्यासाठी घेऊ नका. एनएक्सवाय-०५९ हे खास रॅडिकल पकडणारं औषध, स्ट्रोकच्या ३ हजारांवर पेशंटांवरच्या चाचणीत फेल गेलं, २००७ ला निकाल छापून आला. काका पोराला रोज आमसुलाचं सार पाजतात, पाजू देत, चवीला चांगलं असतं.

हां, गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनही वाईटच. म्हणून जन्मल्यावर न रडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला आता १०० नाही, साध्या हवेच्या २१ टक्क्यांपासून सुरू करतात, आणि ऑक्सिजन तुटून मेंदूला मार बसला असेल तर नुकसान कमी व्हावं म्हणून ७२ तास ३३-३४ अंशावर थंड ठेवतात. मोठ्यांचंही हृदय परत चालू झालं की मोजून देतात. पण ते डॉक्टर बघतील, पऱ्याच्या काठावर हा विचार करायचा नसतो.

गेल्या गणपतीत उशी घेऊन वाडीतल्या पोरांना छाती कशी दाबायची ते दाखवलं. काका आले नाहीत, पडवीत सुपारी कातरत बसले. बायको म्हणते, अडकित्ता हातात तसाच होता, कातरत काही नव्हते.