सचिन ‘ऑल द रेज’ का नाही?

कोथरूडहून एका पालकांनी विचारलंय: लेकीला ‘ऑल द रेज’चा वाक्यात उपयोग करायचा होता. तिने ‘सचिन तेंडुलकर इज ऑल द रेज’ लिहिलं, बाईंनी त्यावर लाल फुली मारली. व्याकरणात तर काही खोट दिसत नाही, मग चुकलं कुठे?

व्याकरण ठीकच आहे, माणूस चुकला! आज डोक्यावर घेतलं, उद्या विसरलं, अशा गोष्टींसाठी हा वाक्प्रचार आहे. १९८९ साली पहिली कसोटी खेळलेला सचिन आजही घराघरात माहीत आहे. त्याला ‘हाउसहोल्ड नेम’ शोभेल. चितळ्यांच्या बाकरवडीलाही ‘ऑल द रेज’ म्हणू नये, तिचा खप काही लाटेवर चालत नाही.

डालगोना कॉफी मात्र या साच्यात चपखल बसते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये जो तो इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी समसमान घेऊन हात भरून येईपर्यंत फेटत होता. ‘डालगोना कॉफी वॉज ऑल द रेज ड्युरिंग द लॉकडाउन.’ आता कोण करतंय?

आपली मुलं अडखळतात ती वेगळ्याच जागी. मराठीत वेड लागतं ते माणसाला. त्यामुळे ‘पीपल वेअर ऑल द रेज फॉर डालगोना’ असं काहीतरी कागदावर उतरतं. इंग्रजीत कर्ता ती वस्तूच. माणसं आणायचीच तर मागून: ‘बॅगी जीन्स आर ऑल द रेज अमंग कॉलेज स्टुडंट्स.’ जीन्स अनेकवचनी असली तरी ‘रेज’ तसाच राहतो. आणि ‘ऑल द रेज जीन्स’ असं विशेषणासारखं नामाआधी चिकटवायचं नाही.

‘रोड रेज’मधला राग तो हाच शब्द बरं का. मूळ लॅटिन ‘राबिएस’, म्हणजे पिसाळलेपणा, रेबीज त्यातलाच. तिथून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि पुढे फॅशनच्या खुळालाही लागू झाला. आपलं ‘वेड’ आणि ‘खूळ’ याच वाटेने गेलेत. ‘खूळ’मध्ये नाक मुरडणं असतं तेवढं ‘ऑल द रेज’मध्ये नसतं, म्हणून मी भाषांतरात ‘क्रेझ’ किंवा ‘चलती’ घेईन.

लेकीला सचिन सोडायचा नसेल तर असं लिहू दे: ‘बॅट्स विथ एमआरएफ स्टिकर्स वेअर ऑल द रेज इन द नाइन्टीज.’