आधी गुडघा तपासा, मग भीतीचं बघू

कोल्हापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी १७ वर्षांची, बारावी कॉमर्सला. सातवीपासून फुटबॉल खेळते, मिडफिल्डर आहे, शालेय राज्यस्तरापर्यंत पोहोचली आहे. आठ महिन्यांपूर्वी सरावात चेंडू घेऊन डावीकडे वळताना तिचा उजवा गुडघा गेला. जवळ कुणी नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नव्हता. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, पूर्ण तुटल्याचं दिसलं. ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात ती नीट चालायला, जिने चढायला लागली तेव्हा फिजिओथेरपी थांबवली, कारण रोजचं जाणं-येणं आणि फी दोन्ही जड जात होतं. आता ती मैदानावर जाते, पण डावीकडे वळायची वेळ आली की चेंडू सोडून देते. हेडरला उडी मारत नाही. घरी आल्यावर कुणाशी बोलत नाही. वडील स्वतः पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळलेले. ते म्हणतात, ‘भिऊन कुठं फुटबॉल होतो काय? पुढच्या महिन्यात सेव्हन-अ-साइड स्पर्धा आहे, तिथं उतरव, आपोआप भीती जाईल.’ आईचा प्रश्न वेगळा आहे: ‘बारावीचं वर्ष आहे. आत्मविश्वासच गेला असेल तर फुटबॉल बंद करून अभ्यासावर लक्ष द्यायला सांगू का?’

ताई, तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबलो: चौथ्या महिन्यात फिजिओथेरपी थांबवली. तुम्ही ते ओघात लिहिलंय, पण माझ्या मते सगळं पत्र तिथंच आहे.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो असं आपण म्हणतो, आणि तुमच्या मुलीकडे सगळे त्याच नजरेनं बघताहेत. गुडघा बरा झाला, आता उगाच घाबरते, असा घरातला सूर आहे. मला मात्र वाटतं, तिच्यासमोर अजून ताक आलेलंच नाही. तिचा पाय खेळायला तयार आहे की नाही, हे आजवर कुणी तपासलेलंच नाही. अशा वेळी तिचं मन तिला थांबवत असेल, तर ते कदाचित बरोबरच सांगत असेल.

एसीएलचं ऑपरेशन म्हणजे तुटलेलं लिगामेंट शिवणं नव्हे. बहुतेक वेळा मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा पट्टा काढून तो नव्या लिगामेंटच्या जागी बसवतात. त्या पट्ट्याला शरीर हळूहळू आपलंसं करतं, त्यात रक्तपुरवठा येतो, त्याची घडण बदलते. सुरुवातीच्या काही महिन्यांत तो उलट कमजोर होतो आणि मग पुन्हा बळकट होत जातो. गंमत अशी की दुखणं आणि सूज त्याच्या कितीतरी आधी जाते. त्यामुळे चौथ्या महिन्यात मुलगी छान चालते, जिना चढते, स्कूटी चालवते आणि घरच्यांना वाटतं, झालं. त्याच काळात मांडीचा पुढचा स्नायू मात्र दुसऱ्या पायाच्या तुलनेत बराच रोडावलेला असतो. चालायला तो तेवढा लागत नाही. धावता धावता थांबायला, वळायला आणि उडी मारून एका पायावर उतरायला लागतो. तुमची मुलगी नेमक्या याच गोष्टी टाळते आहे.

म्हणून पहिलं काम: खेळाडूंचे गुडघे हाताळणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे तिला न्या आणि ‘रिटर्न टू स्पोर्ट’, म्हणजे खेळात परतण्याआधीची चाचणी करून मागा. नुसतं ‘कसं वाटतंय’ एवढं विचारून परत पाठवलं तर ती चाचणी झाली नाही असं समजा. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद दोन्ही पायांत मोजतात. एका पायावर लांब उडी, सलग तीन उड्या, आडव्या-तिरक्या उड्या, सहा मीटर अंतर एका पायावर उड्या मारत किती सेकंदांत, असं सगळं बघतात. जखमी पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे, असा साधारण दंडक आहे. उडीवरून उतरताना गुडघा आत झुकतो का, हेही बघायला हवं. तिच्या बाबतीत ते फारच महत्त्वाचं आहे, कारण तिला कुणी पाडलं नव्हतं.

मनाचीही चाचणी असते. एसीएलनंतर खेळाडू परतायला कितपत तयार आहे हे बघण्यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. पुन्हा लागेल याची भीती वाटते का, गुडघ्याचा विचार न करता खेळू शकशील का, अशा धर्तीचे प्रश्न त्यात असतात आणि गुण शंभरपैकी. ती भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत. फिजिओला आवर्जून विचारा.

खर्चाचं तुम्ही लिहिलं नसतं तरी मी विचारलंच असतं, कारण बहुतेक घरांत फिजिओथेरपी इथंच सुटते. रोज जायची गरज आता नाही. आठवड्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांतून एकदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्यायचे, बाकीचे दिवस घरी करायचे, असं सांगून बघा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत आणि फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीत खर्च बराच कमी येतो. पण व्यायाम सुटता कामा नये. ऑपरेशनवर एवढा खर्च केलात, त्याचं चीज या कंटाळवाण्या महिन्यांतच होणार आहे.

आता थोडं तिच्याशी बोलतो. हा भाग तिला वाचायला द्या.

तू घाबरट नाहीस. एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळाडूंचं काय होतं, याच्या जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, आपल्या आधीच्या पातळीवर ६५ टक्के, आणि स्पर्धात्मक खेळात फक्त ५५ टक्के. जे परतले नाहीत त्यांतल्या अनेकांचा गुडघा चांगला होता. अडत होती ती पुन्हा लागण्याची भीती. म्हणजे जे तुला होतंय ते या दुखापतीचाच भाग आहे, आणि गुडघ्यासारखाच त्यावरही इलाज करावा लागतो.

तुझी भीती थोडी जास्त खोल आहे, याचंही कारण मला कळतं. कुणी आडवं येऊन पाडलं असतं तर राग धरायला कुणीतरी असतं. इथं तुझाच पाय तुझ्याखालून गेला. पण एसीएलच्या बहुतेक दुखापती अशाच, कुणाचा धक्का न लागता होतात: वळताना, एकदम थांबताना, उडीवरून उतरताना. फुटबॉलमध्ये मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होते. यातली चांगली बाजू अशी की वळणं, थांबणं, उतरणं हे शिकता येतं. समोरची खेळाडू कशी धावून येईल ते तुझ्या हातात नाही, पण तू गुडघा वाकवून, कंबर खाली घेऊन कशी थांबतेस ते आहे. फिफानं बनवलेला ‘११ प्लस’ नावाचा वॉर्मअप आहे, पंधरा व्यायामांचा, वीस मिनिटांचा. आठवड्यातून दोनदा तरी नेमानं केला तर दुखापती खूप कमी होतात, हे अनेक संघांवर तपासून झालेलं आहे. तो तुझ्या सगळ्या टीमनं करायला हवा. प्रशिक्षकांना तूच सांग.

विश्वास परत येतो तो पायऱ्यापायऱ्यांनी. चाचणीत पाय पास झाला की पहिले काही दिवस फक्त चेंडू आणि तू, मध्ये प्लास्टिकचे कोन (शंकू) ठेवून दोन्ही बाजूंना वळणं, आधी चालत, मग जॉगिंगच्या वेगानं, मग जोरात. त्यानंतर समोर एक मैत्रीण, जी फक्त उभी राहील. मग ती हलेल पण चेंडू काढणार नाही. मग खरोखर काढायला येईल. मग चारास चार, लहान मैदानात. मग सामन्यातली शेवटची पंधरा मिनिटं. प्रत्येक वेळी खेळायच्या आधी भीती दहापैकी किती, ते वहीत लिही, आणि खेळून झाल्यावर पुन्हा लिही. आकडा तीनच्या खाली येऊन दोन-तीन सरावांत तिथंच राहिला की पुढची पायरी. एखाद्या पायरीवर पंधरा दिवस गेले तर जाऊ दे. गुडघा सुजला किंवा दुसऱ्या दिवशी दुखला तर एक पायरी मागे ये आणि फिजिओला कळव. डावीकडचं वळण सगळ्यात शेवटी ठेवू नकोस. ते पहिल्या दिवसापासून कर, अगदी चालत का होईना. जे टाळशील त्याची भीती वाढतच जाते.

मोठ्या खेळाडूंनाही वेळ लागतो. स्पेनची अलेक्सिया पुतेयास जगातली सर्वोत्तम खेळाडू ठरलेली असताना जुलै २०२२ मध्ये, युरो स्पर्धेच्या तोंडावर तिचं एसीएल गेलं. ती मैदानावर परतली एप्रिल २०२३ च्या शेवटी. त्या ऑगस्टमध्ये स्पेननं वर्ल्ड कप जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात ती बदली खेळाडू म्हणून अगदी शेवटी उतरली होती. उत्तम डॉक्टर, उत्तम फिजिओ, सगळं हाताशी असून. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन हिचं एसीएल एप्रिल २०२३ मध्ये तुटलं, तिचा अख्खा वर्ल्ड कप हुकला, आणि २०२५ ची युरो स्पर्धा इंग्लंडनं तिच्याच नेतृत्वाखाली जिंकली. आपल्या भारतीय संघाचा बचावपटू संदेश झिंगन ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच जायबंदी झाला, इंडियन सुपर लीगचा एक पूर्ण मोसम बाहेर बसला आणि २०२०-२१ साठी भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. फुटबॉल बंद करायचा का? माझं म्हणणं स्पष्ट आहे: आज नाही. तिनं फुटबॉल सोडला तर आभाळ कोसळणार नाही. पण भीतीच्या भरात सोडलेला खेळ पुढे सलत राहतो. पाय मजबूत झाल्यावर, दोन-चार सामने मोकळेपणानं खेळून झाल्यावर तिला वाटलं की आता बस्स, तर तो निर्णय तिचा असेल आणि तुम्ही तो आनंदानं मान्य करा.

बारावी आणि फुटबॉल यांत आत्ता निवड करायची वेळही आलेली नाही. पुढचे काही महिने तिचा फुटबॉल म्हणजे रोज तासभर व्यायाम आणि आठवड्यातून दोन-तीनदा मैदान. एवढ्यानं बोर्डाचा अभ्यास बुडत नाही. यंदाच्या शालेय स्पर्धा हुकतील, त्याचं तिला वाईट वाटेल, वाटू द्या. पुढे कॉलेजची सगळी वर्षं आहेत, आंतरमहाविद्यालयीन आणि विद्यापीठाचा संघ आहे.

शिक्षण मात्र पक्कं हवं, हे मी प्रत्येक फुटबॉलपटूच्या घरी सांगतो. इंडियन विमेन्स लीग सुरू झाली, मुलींसाठी वाट रुंदावली हे खरं. तरी आपल्याकडे केवळ खेळून घर चालवणाऱ्या मुली अजून मोजक्याच आहेत. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला तेव्हा पेठापेठांतल्या पोरांना केवढं बळ आलं, ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. पण तशी वाट प्रत्येकाला मिळत नाही.

आणि एक काम तिच्या गुडघ्याची वाट बघत नाही: कागदपत्रं. राज्यस्तरीय स्पर्धेची प्रमाणपत्रं मूळ प्रतीसह एका फाइलमध्ये लावा. बारावीच्या क्रीडा गुणांच्या सवलतीत तिचा खेळ बसतो का, हे कॉलेजमध्ये आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आत्ताच विचारा, परीक्षा तोंडावर आल्यावर नको. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण नुसता सहभाग सहसा पुरत नाही. कुठली स्पर्धा आणि कितवा क्रमांक, हे शासन निर्णयात ठरलेलं असतं, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांच्या कार्यालयातून करून घ्यावी लागते. ती भरती निघण्याच्या आधी झालेली असली की धावपळ वाचते.

तिच्या गप्प बसण्याकडे लक्ष ठेवा. सात-आठ महिने संघाबाहेर असलेल्या मुलीचं सगळं जगच हरवलेलं असतं, कारण तिच्या मैत्रिणी, गप्पा, दिनक्रम सगळं मैदानावरच होतं. तिला सरावाला जाऊ द्या, खेळत नसली तरी. प्रशिक्षकांनी तिला काम द्यावं: सामन्याचे व्हिडिओ काढणं, पास मोजणं, लहान मुलींचा वॉर्मअप घेणं. तरीही झोप उडाली, जेवण तुटलं, ‘माझा काही उपयोग नाही’ असं बोलायला लागली, तर थांबू नका, समुपदेशकाला भेटा. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथं मराठीतून बोलता येतं.

राहिली पुढच्या महिन्यातली स्पर्धा. तिच्या बाबांना माझा निरोप द्या. तुमची तळमळ मला कळते दादा, तुम्ही पावसात, चिखलात, सुजलेल्या पायांनी खेळलेले आहात. तोवर नऊ महिने पूर्ण होतील असं तुम्ही म्हणाल. पण नऊ महिने ही ऑपरेशनपासून मोजायची किमान मुदत आहे, त्याआधी परतलेल्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका फार वाढतो म्हणून ठेवलेली. मुदत संपली म्हणजे पाय तयार झाला असं होत नाही. पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलनंतर खेळाकडे परततात, त्यांतल्या जवळपास चौघांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, त्याच पायाला किंवा दुसऱ्या. सेव्हन-अ-साइडमध्ये जागा कमी, वळणं जास्त, आणि चारही बाजूंनी आपली माणसं ओरडत असतात. तिथं तिला उतरवू नका. त्याऐवजी पुढच्या आठवड्यात फिजिओकडे तिच्यासोबत तुम्ही स्वतः जा, व्यायाम बघून घ्या, आणि कोन लावून ती वळणांचा सराव करेल तेव्हा समोर उभं राहणारा पहिला खेळाडू तुम्हीच व्हा. चेंडू मात्र काढायचा नाही, तिनं सांगेपर्यंत.