कानाखालची गाठ, आणि आई म्हणते तोंड वाकडं होईल

प्रश्न : डॉक्टर, आम्ही तासगावकडचे. आईला (वय ५८) डाव्या कानाखाली दोन वर्षांपासून सुपारीएवढी गाठ होती, दुखत नव्हती म्हणून नुसते लेप लावत बसलो. आता मिरजेत सुई घालून तपासलं तर लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला, म्युकोएपिडर्मॉइड नावाचा प्रकार म्हणे. ऑपरेशन सांगितलंय, पण भावकीत म्हणतात चाकू लागला की पसरतं आणि तोंड वाकडं होतं. आई नकोच म्हणते. काय करू?

उत्तर : ताई, आधी स्वतःला दोष देणं थांबवा. कानाखालच्या अशा दहातल्या आठ गाठी साध्याच निघतात, त्यामुळे कुणीही फसतं. पण आता थांबू नका. चाकूने कॅन्सर पसरत नाही हो, उशीर केला की पसरतो, आणि उशिरा आलेल्या पेशंटचं बघून लोक चाकूला नाव ठेवतात.

तोंडाची भीती मात्र खोटी नाही. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीच्या मधूनच जाते, म्हणून सर्जन आधी नस शोधतात, मग तिच्यावरनं ग्रंथी अलगद सोडवतात. आज आईचा चेहरा नीट हलत असेल तर नस बहुतेक वाचवता येते, कॅन्सर नसेतच शिरला असेल तरच ती कापून दुसरीकडची नस जोडावी लागते. नस वाचली तरी ओढाताणीने काही आठवडे, कधी काही महिने ओठ एका बाजूला ओढल्यासारखा दिसतो, पापणी पूर्ण मिटत नाही, तेव्हा दिवसा डोळ्यात ड्रॉप आणि रात्री मलम घालून पापणीवर पट्टी, हे चुकवायचं नाही.

ग्रेड, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात ते, कमी असेल आणि गाठ पूर्ण निघाली तर दहातले नऊ जण पाच वर्षांनीही चांगले असतात. ग्रेड जास्त असेल किंवा मानेतल्या गाठीत गेला असेल तर लाइट, म्हणजे रेडिएशन, द्यावी लागते, साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस. त्याआधी दाताच्या डॉक्टरला दाखवून किडलेले दात काढून घ्या, कारण लाइटनंतर तोंड कोरडं पडतं आणि काढलेल्या दाताची जखम लवकर भरत नाही. केमो सहसा पसरलेल्या आजारातच. अजून एक, लाळग्रंथीचे कॅन्सर बरेच प्रकारचे असतात, ॲडिनॉइड सिस्टिक तर दहा वर्षांनीही फुप्फुसात उगवतो, तेव्हा दुसऱ्या कुणाचं ऐकून आईचा अंदाज बांधू नका.

खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. आणि आजच आईला गाल फुगवायला, डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला सांगा, मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि तो सर्जनना दाखवून आईच्या समोरच विचारा, नस वाचेल का.