लेकीनं दोन मतं दोघांना दिली, मग दोन पक्षांचे आले तर?

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात रिचमंडला असते, आता तिकडची सिटिझन झालीय. नोव्हेंबर २०२५ ला तिनं गव्हर्नरसाठी (म्हणजे राज्याचा कारभार चालवणारा प्रमुख) एक आणि लेफ्टनंट गव्हर्नरसाठी (म्हणजे त्याच्या खालोखालचा) वेगळं मत दिलं म्हणाली. म्हणजे आपल्या उपमुख्यमंत्र्याला लोकांनी थेट निवडल्यासारखंच का? आणि दोघं दोन पक्षांचे आले तर?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर: ताई, थेट निवडतात हे खरं, पण उपमुख्यमंत्र्याशी तुलना नका करू. आपल्याकडं ते पद घटनेत नाहीच, शपथ मंत्री म्हणूनच होते आणि नाव पक्षवाले बसून ठरवतात. २००४ आठवा ना, सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री, अकलूजचे विजयसिंह मोहिते-पाटील उपमुख्यमंत्री, दोन्ही खुर्च्या आपल्याच जिल्ह्यात, पण उपमुख्यमंत्री निवडायला म्हणून एकाही सोलापूरकरानं बटण दाबलेलं नव्हतं. मुख्यमंत्री गेले तर उपमुख्यमंत्री आपोआप वर चढतो असंही नाही.

व्हर्जिनियात गव्हर्नर मधेच गेला किंवा राजीनामा दिला की लेफ्टनंट गव्हर्नरच गव्हर्नर होतो, म्हणून अख्खं राज्य त्याच्यासाठी वेगळं मत देतं, आणि मला हे मनापासून पटतं, उद्या राज्य ज्याच्या हातात जाऊ शकतं त्याचं नाव रात्रीच्या बैठकीत का ठरावं? एरवी त्याचं मुख्य काम म्हणजे राज्याच्या ४० जणांच्या सिनेटचं (विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाचं) अध्यक्षपद, आणि २०-२० अशी मतं पडली की बहुतेक वेळा निकाल त्याच्या मतावर.

दोन पक्षांचे आलेत की! २००५ ला टिम केन डेमोक्रॅट गव्हर्नर आणि बिल बोलिंग रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर निवडून आले, चार वर्षं तसंच चाललं, कारण हा माणूस गव्हर्नरनं नेमलेला नसतो, गव्हर्नर त्याला काढूही शकत नाही. पुढं २०११ च्या निवडणुकीत सिनेट बरोबर २०-२० झालं, तेव्हा याच बोलिंगच्या एका मतावर रिपब्लिकनांनी सिनेट ताब्यात घेतलं. एका मताची ताकद बघा.

यावेळी मात्र दोघी एकाच पक्षाच्या आल्या, अ‍ॅबिगेल स्पॅनबर्गर गव्हर्नर आणि गझाला हाश्मी लेफ्टनंट गव्हर्नर. हाश्मी मूळच्या हैदराबादच्या, आणि हैदराबाद आपल्याला काय लांब, सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं तिकडं येणं-जाणं. शेजारच्या मेरीलँडच्या लेफ्टनंट गव्हर्नर अरुणा मिलर, त्याही जन्मानं हैदराबादच्याच, २०२२ ला निवडून आल्या, पण तिथं दोघांच्या जोडीला मिळून एकच मत असतं, त्यामुळं लेक उद्या तिकडं राहायला गेली तर तिला असं वेगवेगळं निवडता येणार नाही.