घोडबंदरहून पळायला जाण्यासारखे डोंगरातले रस्ते: येऊर, खारघर, भोज, माहुली

नेरुळहून घोडबंदरला राहायला आलात, पामबीचच्या सपाट रस्त्यावर १० किलोमीटर आरामात पळत होतात, आता चढउतार असलेला, आजूबाजूला शेतं आणि झाडी दिसेल असा रस्ता हवाय. सोबत पत्नी असेल आणि गाडी नाही, असं तुम्ही लिहिलंय. या भागात मी बरीच वर्षं पळते आहे, म्हणून सविस्तर सांगते. आपल्याकडे डोंगरातला रस्ता आधी ऋतू बघून निवडायचा, अंतराचं नंतर बघायचं. डिसेंबरात ज्या रस्त्यावरून परतावंसं वाटत नाही, तोच जुलैत जिवावर बेततो आणि एप्रिलमध्ये नकोसा होतो.

तुम्हाला सगळ्यात सोयीचं येऊर. उपवन तलावाकाठी सपाटीवर थोडं पळून अंग गरम करायचं आणि वनखात्याच्या चौकीवरून घाट चढायला लागायचं. पहिला टप्पाच जास्त दमवतो. पुढे झाडी दाट होते, चढ मधेमधे सैल होतो आणि वर पोचलं की पाटोणपाडा, जांभूळपाडा अशा पाड्यांकडे वाटा फुटतात. डांबरी रस्त्यावरून पळता पळता दोन्ही बाजूंना जंगल, हे सुख ठाणेकरांना घरापासून इतक्या जवळ मिळतं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस आणि काटेसावर फुललेली असते, मे महिन्यात करवंदं, आणि पाऊस सरता सरता तेरडा. कान देऊन पळालात तर तांबटाची टुकटुक ऐकू येईल, राखी धनेशही दिसू शकेल.

पण येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बिबटे आहेत आणि ते आपल्या आधीपासून तिथे आहेत. अंधारात, पहाटेच्या झुंजूमुंजूला किंवा तिन्हीसांजेला पळायचं नाही. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाला. त्यानुसार घरून निघायची वेळ बदला. दोघं असाल तर एकमेकांच्या नजरेआड होऊ नका, कानात काही घालू नका आणि बुटाची नाडी बांधायला झाडीच्या कडेला उकिडवे बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो. चौकीवर वनखात्याचे लोक जे सांगतील ते ऐका, कुठली वाट बंद म्हणाले तर ती बंद. हवाई दलाच्या तळाच्या दिशेने गेलात तर अलीकडूनच फिरा.

शनिवार-रविवारी मात्र मी येऊरला जात नाही. हॉटेलं आणि बंगल्यांकडे जाणाऱ्या गाड्या घाटात सुसाट येतात. मधल्या वारी जा. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळा. पण उजवीकडे दरड आणि पुढे आंधळं वळण असेल तर वळणाच्या बऱ्याच आधी पलीकडे व्हा, कारण चालकाला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता. आणि पावसाळ्यात उतरताना वाटेत पाड्यावरच्या बाया शेवळं, टाकळा, कंटोली घेऊन चाललेल्या भेटल्या तर भाजी त्यांच्याकडूनच घ्या, घासाघीस न करता. त्यांच्या दारातून आपण रोज पळतो.

आता पळण्याबद्दल. पामबीचवरचा वेग घाटावर विसरा. १०० मीटर अंतरात १० मीटर चढणारा रस्ता असेल तर शरीराला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ताकद लागते, त्यामुळे घड्याळातला वेग बघून पळालात तर पहिल्याच वळणावर धाप लागेल. श्वासावर चाला: सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ते जमेनासं झालं की सरळ चाला. चढावर चालणं कमीपणाचं अजिबात नाही, डोंगरात मुरलेले धावपटूही तीव्र चढ चालूनच घेतात. पावलं छोटी, नजर आठ-दहा पावलं पुढे, हात थोडे जास्त हलते.

खरी कसोटी उतारावर असते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतात, त्यातून त्यांना बारीक इजा होते आणि दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. सपाटीची सवय असलेली माणसं इथेच फसतात: चढ झाला, आता सुटायचं, म्हणून टाचा आपटत खाली येतात आणि मग जिना उतरताना कठडा धरावा लागतो. पहिला महिनाभर येऊर पळत चढा आणि खाली चालत या. नंतर थोडा थोडा उतार पळायला घ्या, पाऊल शरीराच्या खालीच पडेल असं, गुडघा किंचित वाकलेला. आठवड्यातून एकदा घाट पुरे, बाकीचे दिवस सपाटीवर.

खारघर हिलची वाट तुम्हाला नेरुळपासून माहीत असेल. पठारावर फणसवाडी आणि चाफेवाडी हे पाडे, खाली अख्खी नवी मुंबई. हिवाळ्यात उत्तम. सावली जवळजवळ नाही, त्यामुळे मार्चनंतर सोडून द्या. पावसाळ्यात पांडवकडा धबधब्याच्या परिसरात बंदी असते आणि ती पाळायची. तिथे लोक वाहून गेले आहेत.

रविवारसाठी माझा सगळ्यात आवडता रस्ता बदलापूरचा. ठाण्याहून लोकलने बदलापूर, तिथून खरवईवरून भोज धरणाकडे आणि पुढे कोंडेश्वरपर्यंत. वाटेत चढ आहेत पण घाटासारखे सलग नाहीत, श्वास सावरायला उतार मिळत राहतो. म्हणून डोंगरात पळायला नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी येऊरच्याही आधी हा रस्ता सांगेन. दसऱ्यानंतर जा. भात पिवळं पडलेलं असतं, कुठे कापणी चालू असते, धरण भरलेलं आणि दूर चंदेरी-म्हैसमाळची रांग अगदी स्वच्छ. दिवाळीच्या आसपास तिथल्या सकाळच्या हवेला ओल्या पेंढ्याचा वास असतो, शहरात राहून तो विसरायलाच होतो. फेब्रुवारीनंतर मात्र शेतकरी राब भाजतात, म्हणजे शेतात पालापाचोळा जाळतात, सकाळी धूर खाली बसून राहतो आणि धाप लागलेल्या छातीला तो सोसत नाही. भरपावसात कोंडेश्वरच्या कुंडाकडे फिरकू नका. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी एकदम वाढतं. गावातली कुत्री अंगावर आली तर पळणं थांबवून चालायला लागा, बहुतेक वेळा तेवढ्याने ती गप्प होतात.

त्यापुढचा टप्पा आसनगाव ते माहुली गाव. स्टेशनहून नाशिक महामार्ग ओलांडताना जपून, मग गावापर्यंत साधारण पाच किलोमीटर शेताडीचा रस्ता, आणि समोर सतत माहुलीचे सुळके: वजीर, नवरा, नवरी, भटजी. हा किल्ला ८५८ मीटर उंच. तो चढायचा नाही, पायथ्यापर्यंत पळून परतायचं. पाणी मात्र संपूर्ण घरून न्या. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच शहापूर तालुक्याच्या परिसरात, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. अशा घरासमोर उभं राहून बाटली भरून मागणं मला पटत नाही. उन्हाळ्यात तिथे जाऊच नये असं माझं मत आहे.

तुमच्या घराजवळचा गायमुख घाट नकाशावर मोहक दिसेल. तिथे पळू नका. कंटेनरच्या रांगांमधून पळायला कडेला जागाच नाही. त्यापेक्षा मानपाड्याच्या निसर्ग परिचय केंद्राकडून जंगलात शिरणारी वाट चालण्यासाठी छान आहे. घाटानंतरच्या विश्रांतीच्या दिवशी दोघं तिथे जा.

पावसाळ्यात एवढंच बघा की बुटाचा तळ झिजलेला नाही. शेवाळ धरलेल्या डांबरावर, विशेषतः झाडाखालच्या वळणांवर, चांगला सरावलेला माणूसही घसरतो. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर वेळ कमी ठेवा. आणि पत्नीचा वेग तुमच्यापेक्षा कमी असेल तर चढावर त्यांना पुढे ठेवा. मागचा माणूस हळू जाऊ शकतो, पण दमलेल्या माणसाला कुणाच्या मागे ओढत जायला लावलं तर तो पुढच्या रविवारी येत नाही. तुम्ही कोणत्या महिन्यात सुरू करताय ते कळवा, म्हणजे पहिल्या चार आठवड्यांचं वेळापत्रक लिहून देते.