७ लाखांची एफडी मोडून होम लोन फेडू का? (१८ लाख बाकी, ८.५% फ्लोटिंग म्हणजे बदलता व्याजदर, १४ वर्षं राहिलीत)

हो फेडा, पण सगळे ७ नाही, ४ लाख भरा आणि ३ लाख तसेच राहू द्या. बँकेच्या कर्ज विभागात काम केलंय म्हणून आकडेच सांगतो. एफडीवर ७% मिळत असतील आणि ३०% स्लॅबमध्ये असाल तर सेस धरून टॅक्स गेल्यावर हातात ४.८% च्या आसपास उरतात, आणि लोनला तुम्ही ८.५% मोजताय. तुमचा हप्ता अंदाजे १८,३६० असणार, तोच चालू ठेवून ४ लाख मुद्दलात भरले तर १६८ ऐवजी साधारण ११० हप्त्यांत लोन संपतं, व्याज साडेसहा लाखांच्या आसपास वाचतं. फक्त भरताना अर्जात "मुदत कमी करा" असं स्पष्ट लिहून द्या, हे खरंच महत्त्वाचं आहे, कारण हप्ता कमी करून घेतला तर व्याजाची बचत बरीच घटते. फ्लोटिंग रेटच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी पैसे भरल्याचा आकार) घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्यामुळे कोणी मागितला तर देऊ नका.

३ लाख ठेवायचं कारण म्हणजे नोकरी गेली किंवा घरात आजारपण निघालं तर भरलेलं मुद्दल बँक परत देत नाही, मग पर्सनल लोन घ्यावं लागतं आणि ते याहून बरंच महाग पडतं. घरखर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांचे ३ लाखांपेक्षा जास्त होत असतील तर तेवढं कमी भरा.